फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छातीच्या वॉर्डात काम करणारी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन सर्जन करतात. माझं काम रुग्णाला उठवायचं, खोकायला लावायचं आणि चालवायचं, त्यामुळे पहिले दोन दिवस वॉर्डात माझ्याइतकं नावडतं माणूस दुसरं नसतं. रुग्ण घरी गेला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठूनतरी मेसेज येतो, बहुतेक रात्री अकरानंतर: "ताई, बाबा खोकायला घाबरतात, काय करू?" प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात म्हणून इथे एकत्र केले. तुमच्या सर्जनांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या माणसाची छाती आतून त्यांनी पाहिली आहे, मी नाही.

१. शेजारच्या काकांना नुसती केमो दिली, माझ्या भावाला मात्र ऑपरेशन सांगितलंय. कोणाचे डॉक्टर बरोबर?

बहुधा दोघांचेही. रोग एका फुफ्फुसात आणि फार तर त्याच्या जवळच्या लिम्फच्या गाठींपर्यंत असेल, तर कापून काढण्यात अर्थ असतो. मेंदूत, हाडांत, यकृतात पोचला असेल तर एका ठिकाणचा काढून उपयोग नसतो. तिथे केमो, गोळ्या, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती रोगावर सोडणारी औषधं) किंवा रेडिएशन हेच मार्ग. 'स्मॉल सेल' नावाची जात तर इतकी लवकर पसरते की तिथे ऑपरेशन क्वचितच होतं. आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा पोचतात, म्हणून "ऑपरेशन करता येईल" हे वाक्य खरं तर चांगली बातमी असते. नातेवाईक मात्र तेच वाक्य ऐकून रडायला लागतात.

२. चाकू लागला, आत हवा गेली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. हवा तर फुफ्फुसात जन्मापासून जातेच आहे.

ही समजूत आली कुठून ते मात्र कळण्यासारखं आहे. सीटी आणि पेट स्कॅन नव्हते तेव्हा रोग किती पुढे गेलाय हे छाती उघडल्यावरच कळायचं. सर्जन बघायचे, काढण्यासारखं नाही म्हणून तसंच शिवायचे, आणि रुग्ण काही महिन्यांत जायचा. गावाने दोष चाकूला दिला. याच्या उलट उदाहरण १९३३ सालचं आहे. अमेरिकेत एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जनने कॅन्सरसाठी एका डॉक्टरचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं. तो रुग्ण त्यानंतर सुमारे ३० वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः सिगरेट ओढायचे, ते १९५७ साली फुफ्फुसाच्याच कॅन्सरने रुग्णाच्या आधी गेले.

३. नेमकं किती काढतात? अर्धं फुफ्फुस गेलं तर माणूस अर्धा होणार ना?

उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन. डॉक्टर त्यांना लोब म्हणतात. बहुतेकांचा एक लोब काढतात. त्याच वेळी आजूबाजूच्या लिम्फच्या गाठीही काढून तपासायला पाठवतात, कारण स्टेज नक्की त्यावरूनच ठरते. गाठ अगदी लहान आणि कडेला असेल किंवा रुग्णाचा श्वास आधीच कमी असेल, तर लोबचाही एखादा तुकडाच काढतात. गाठ मुख्य श्वासनळीला भिडलेली असेल तर कधी पूर्ण फुफ्फुस काढावं लागतं (त्याबद्दल प्रश्न १९).

हिशेब सोपा आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ छोटे विभाग धरतात. उजवा मधला लोब गेला तर त्यातले २ जातात, उजवा खालचा गेला तर ५. म्हणजे मोठा लोब जाऊनही १४ शिल्लक. उरलेलं फुफ्फुस फुगून बरीचशी जागा भरतं आणि काही महिन्यांत जमवून घेतं. तेव्हा अर्धा माणूस वगैरे काही होत नाही.

४. दुर्बिणीतून चांगलं की मोठा चिरा? पैसे भरले तर दुर्बिणीतून करतील का?

पैशांवर ते ठरत नाही, निदान ठरू नये. दुर्बिणीच्या ऑपरेशनात एक ते चार लहान छेद असतात आणि बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. त्यामुळे दुखणं कमी, आणि माणूस लवकर घरी जातो. रोबोटिक हाही त्याचाच प्रकार. मोठा चिरा पाठीकडून काखेखालून पुढे येतो. गाठ मोठी असेल, रक्तवाहिनीला चिकटलेली असेल किंवा जुन्या टीबीमुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला डकवल्यासारखं बसलं असेल, तर मोठा चिराच सुरक्षित. दुर्बिणीने सुरू करून मध्येच उघडावं लागलं तर "ऑपरेशन फसलं" असं घरी सांगत सुटू नका. सर्जनने शहाणपणा केलेला असतो.

५. आईला सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, आता म्हणतात कॅन्सर. गोळ्यांमुळे झाला का?

गोळ्यांमुळे नाही. एक्स-रेवर दोन्ही डाग सारखे दिसू शकतात, खोकला, वजन उतरणं आणि थुंकीत रक्तही दोन्हीत असतं, आणि आपल्या देशात टीबी इतका आहे की पहिला संशय त्याचाच येतो. थुंकीत जंतू सापडले नसताना गोळ्या सुरू झाल्या असतील आणि दीड-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर सीटी आणि बायोप्सीचा आग्रह धरा. "आई कधी सिगरेट ओढत नव्हती" एवढं कारण कॅन्सर नाही म्हणायला पुरेसं नाही. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या, तंबाखूला कधी न शिवलेल्या बायका मी या वॉर्डात पाहते.

६. ऑपरेशनआधी एवढ्या तपासण्या कशाला? तोपर्यंत वाढला तर?

सीटी, पेट, बायोप्सी आणि बऱ्याचदा मेंदूचा एमआरआय हे सगळं रोग कुठे आहे ते बघायला. फुंकायची तपासणी म्हणजे पीएफटी, हृदयाचा इको आणि चालण्याची चाचणी ही रुग्णाला झेपेल का ते बघायला. जुने सर्जन तर रुग्णाला घेऊन जिन्यावर जायचे. न थांबता तीन मजले चढला तर लोब काढलेला झेपेल, पाच चढला तर अख्खं फुफ्फुस. आजही पीएफटीचा कागद काहीही म्हणो, मला जिना जास्त सांगतो.

या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाला अंथरुणात ठेवू नका. रोज अर्धा तास चालवा, श्वास ओढून तीन गोळ्या वर उचलायचं यंत्र (प्रश्न ११) आत्ताच घेऊन शिकवा. ऑपरेशननंतर गुंगीत असलेल्या, दुखत असलेल्या माणसाला ते नव्याने शिकवणं म्हणजे पावसात चूल पेटवणं.

स्टेंट बसलेला असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. ती कधी थांबवायची हे हार्टचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. आपल्या मनाने बंद करू नका.

७. चाळीस वर्षं बिडी ओढली. आता चार आठवडे सोडून काय होणार?

बरंच होतं. श्वासनळ्यांतली बारीक लव पुन्हा काम करू लागते आणि कफ वर ढकलते. ऑपरेशननंतर न्युमोनिया होतो तो मुख्यतः साचलेल्या कफाने. चार आठवडे मिळाले तर उत्तम, एकच मिळाला तरी सोडा. पहिल्या आठवड्यात खोकला वाढल्यासारखा वाटेल, त्याला घाबरून परत पेटवू नका. तपकीर आणि मशेरीही यातच आल्या.

८. बाबांना "कॅन्सर" हा शब्द सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

हा प्रश्न नाही, पण दर आठवड्याला येतो. मी रुग्णाशी खोटं बोलत नाही. त्यांनी विचारलं नाही तर आपणहून शब्द काढतही नाही. माझा अनुभव असा की बाबांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. वॉर्डाच्या दारावरची पाटी त्यांनीही वाचलेली असते. मुलांना वाईट वाटू नये म्हणून ते गप्प असतात, आणि बाबांना वाईट वाटू नये म्हणून मुलं. शिवाय "छातीत साधी गाठ होती" एवढंच ठाऊक असलेला माणूस दुखत असताना माझ्यासाठी जोर लावून का खोकेल? संमतीपत्रावर सहीही त्यांनीच करायची आहे. डॉक्टरांना मध्ये घेऊन सांगा, आणि त्यांना किती ऐकायचंय ते त्यांनाच ठरवू द्या.

९. ऑपरेशनच्या दिवशी काय काय होतं?

आदल्या रात्रीपासून उपाशी. थिएटरमध्ये भूल देऊन कुशीवर वळवतात आणि एका खास नळीने त्या बाजूच्या फुफ्फुसाचा श्वास थांबवतात, म्हणजे सर्जनला स्थिर काम करता येतं. ऑपरेशन दोन ते पाच तास, कधी जास्त. त्यात भूल देण्याचा आणि उठवण्याचा वेळ धरलेला नाही, म्हणून बाहेर बसून घड्याळ मोजू नका. त्यानंतर एक रात्र तरी आयसीयूत.

धोका किती हे लोक मला विचारतात, सर्जनना विचारायला संकोचतात. चांगल्या केंद्रांत लोब काढण्याच्या ऑपरेशनात शंभरातले एक ते तीन रुग्ण दगावतात. अख्खं फुफ्फुस काढण्यात आकडा याच्या कितीतरी वर जातो. तुमच्या माणसाचं वय, हृदय आणि श्वास बघून त्याचा आकडा सर्जनच सांगतील. जरूर विचारा.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास छाती अचानक धडधडायला लागली तर लगेच नर्सला सांगा. दहातल्या एक-दोघांच्या हृदयाची लय बिघडते. बहुतेकांची औषधाने परत जागेवर येते. पोटात टोचतात ते इंजेक्शन पायात रक्त गोठू नये म्हणून असतं.

१०. छातीतली नळी आणि ती बाटली. तिच्याबद्दल सगळं सांगा.

सगळ्यात जास्त मेसेज हिच्यावरूनच येतात, म्हणून सविस्तर.

ऑपरेशननंतर छातीच्या पोकळीत हवा आणि रक्ताळ पाणी साचतं. ते बाहेर पडलं नाही तर उरलेलं फुफ्फुस फुगणार नाही. म्हणून बरगड्यांमधून एक किंवा दोन नळ्या घालतात आणि त्यांचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवतात. हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते, पाण्यामुळे परत आत येऊ शकत नाही. वॉर्डात हिला 'आयसीडी' म्हणतात.

श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली हललं तर नळी चालू आहे. खोकताना बुडबुडे आले तर फुफ्फुसातून अजून हवा गळते आहे. पहिले काही दिवस हे चालतंच. पाण्याचं हलणं एकदम थांबलं तर आधी बघा, नळी रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे का. दहापैकी आठ वेळा तेच निघतं.

बाटली कायम छातीपेक्षा खाली. एका हॉस्पिटलात एक्स-रेला नेताना एका भावाने काळजीपोटी बाटली रुग्णाच्या पोटावर ठेवली होती, "हिंदकळू नये म्हणून". नळीतलं पाणी उलटं छातीकडे निघालं होतं, मी लिफ्टच्या दारात धावत जाऊन उचलली. चालताना बाटली एका हातात, गुडघ्याच्या खाली. नळीला चिमटा स्वतः कधीही लावू नका. जोड सुटला तर टोक लगेच पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि हाक मारा. नळीच छातीतून निसटली तर भोकावर स्वच्छ कापड किंवा हात दाबून धरा, घरी असाल तर १०८ लावा.

हवा थांबली, पाणी कमी झालं, एक्स-रेत फुफ्फुस फुगलेलं दिसलं की नळी निघते. काढताना श्वास धरायला सांगतात, काही सेकंदांचं काम, पण ते सेकंद वाईट असतात हे लपवणार नाही. पाच दिवसांनंतरही हवा गळत असेल तर काहींना एकेरी झडपेची पिशवी लावून नळीसकट घरी पाठवतात. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण दर भेट पाळायची.

आणि एक अपवाद. जेवण सुरू झाल्यावर बाटलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं तर लगेच दाखवा. छातीतली चरबी वाहणारी नस गळत असते. मग काही दिवस तूप, खोबरं, तेलकट काही नाही. नारळाच्या रसाचं हुमण तर नाहीच.

११. खोकलं की टाके तुटतील ना? आणि ते तीन गोळ्यांचं खेळणं खरंच लागतं का?

टाके तुटत नाहीत. न खोकल्याने मात्र न्युमोनिया होतो. उशी घट्ट छातीशी धरायची, ऑपरेशनच्या बाजूवर हात दाबायचा, खोल श्वास घेऊन दोनदा "हफ, हफ" करायचं, आरशावर वाफ धरतो तसं, आणि मग एक खोकला. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करायचं, आधी नाही.

लागतं. त्याचं नाव स्पायरोमीटर. तो फुंकायचा नसतो, ओढायचा असतो. निम्मे लोक फुंकतात आणि गोळी हलत नाही म्हणून कंटाळतात. जागेपणी तासाला दहा वेळा, सावकाश ओढून गोळी वर धरायची. डिचोलीचे एक आजोबा तिसऱ्या दिवशी मला बघताच ओरडले, "ताई, तिनूय वयर!" त्या दिवसापासून ते शेजारच्या खाटेवरच्याला शिकवू लागले.

१२. किती दुखतं? आणि किती दिवस?

दुखतं. दुर्बिणीनंतर कमी, मोठ्या चिऱ्यानंतर जास्त. पहिले दिवस पाठीतून किंवा बरगड्यांच्या नसांजवळ भूल, सोबत सलाइनमधून औषध, मग गोळ्या. दुखायची वाट बघून गोळी घेऊ नका, वेळेवर घ्या. सहन करण्याचं बक्षीस नाही. दुखणारा माणूस उथळ श्वास घेतो, आणि तिथूनच पुढची सगळी भानगड सुरू होते. गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, त्यावर औषध आधीच मागून घ्या.

वेगळी गोष्ट आहे ती बधिरपणाची. जखम काखेखाली, पण बधिर आणि चुरचुरणारी जागा पुढे, स्तनाखाली किंवा बरगडीच्या कडेला. लोकांना वाटतं हृदयाचं काही आहे किंवा रोग परत आला. बरगडीखालून जाणारी नस दुखावलेली असते, म्हणून ती जिथे संपते तिथे जाणवतं. सैल सुती कपडा घाला, बायकांनी घट्ट पट्टा काही आठवडे टाळा. आठवडे, कधी महिने लागतात. तीन महिन्यांनंतरही जळजळ असेल तर सर्जनला सांगा. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, नेहमीच्या गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत.

खांदा विसरू नका. हात पोटाशी धरून बसलेल्याचा खांदा महिन्यात आखडतो. दोरीवर कपडे वाळत घालण्याइतका हात रोज वर गेला पाहिजे, पहिल्या दिवसापासून.

१३. घरी कधी सोडतात? घरी आल्यावर किती दिवस झोपवून ठेवायचं?

दुर्बिणीनंतर साधारण तीन ते पाच दिवसांत, मोठ्या चिऱ्यानंतर आठवडा किंवा थोडं जास्त.

झोपवून ठेवायचं शून्य दिवस. दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्चीत बसवतो, त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत चालवतो. घरी आलं की मात्र सून म्हणते "बाबा, तुम्ही उठू नका, मी आणते", आणि सगळी मेहनत पाण्यात. प्रेमाने केलेलं असतं, मला कळतं. पण पाणी त्यांना उठून घेऊ द्या. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच-पाच मिनिटं चार वेळा, मग रोज थोडं वाढवत तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून देवळापर्यंत. चालताना वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं तर आणखी जोरात चाला.

थकवा मात्र खरा असतो आणि सगळ्यांना चकवतो. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी उठवत नाही. सहा आठवड्यांपर्यंत असं वरखाली चालतं, मोठ्या चिऱ्यानंतर तीन महिनेही. दुपारी एक झोप, पण एकच.

१४. जिना चढताना दम लागतो. हे असंच राहणार का?

पहिला महिना लागणारच. लोब गेलेल्या बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत रोजच्या कामात फरक जाणवत नाही, चढावर जाणवतो. चढताना ओठ चंबू करून श्वास सोडा आणि घेताना थांबा. आधीच दमा किंवा बिडीचं फुफ्फुस असेल तर इनहेलर ऑपरेशननंतरही चालूच. दम हळूहळू कमी होण्याऐवजी एखाद्या दिवशी अचानक वाढला, तर प्रश्न २२ बघा.

१५. पेजेवरच ठेवलंय. बरोबर ना?

पहिला एक दिवस ठीक. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि पेजेत ती फारशी नाहीत. तोंडाला चव नसेल तर उकड्या तांदळाची पेज द्या, पण सोबत अंडं, माशाची कढी, मुगाची उसळ किंवा दही. एकदम ताट भरून नको, पोट फुगलं की श्वासाला जागा उरत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. फेणीबद्दल विचारणारे थोडे नाहीत: दुखण्याच्या गोळ्या चालू असेपर्यंत नाही.

१६. पावसाळ्यात ऑपरेशन आहे. पुढे ढकलू का?

कॅन्सरचं ऑपरेशन पावसासाठी ढकलत नाहीत. ओलसर भिंतीजवळची खाट हलवा, बुरशी आलेल्या उशा-गाद्या बदला आणि घरात धूप-उदबत्ती बंद. फ्लू आणि न्युमोनियाची लस कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. चवथीला, म्हणजे गणपतीत, माणसं येणारच. सर्दीवाल्यांना ओसरीवरूनच नमस्कार, आणि रुग्णाच्या खोलीत गणपतीच्या माटोळीखालची गर्दी नको.

१७. स्कूटर, शेतातलं काम, विमान, कधीपासून?

स्कूटर चार ते सहा आठवड्यांनी. अट अशी की गुंगीची गोळी बंद असावी आणि अचानक ब्रेक दाबताना छातीत कळ येऊ नये. त्याआधी पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसूनही नको, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे टाक्यांना माहीत नसतात. भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणं हे मोठ्या चिऱ्यानंतर तीन महिन्यांपर्यंत नाही, दुर्बिणीनंतर किमान सहा आठवडे नाही. बसून करायचं काम महिन्या-दीड महिन्यात चालतं. माडावर चढणाऱ्याने सर्जनला विचारल्याशिवाय चढू नये.

विमानाचा मुद्दा वेगळा. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे छातीत उरलेली हवा फुगते. नळी निघाल्यावरचा एक्स-रे साफ असल्याशिवाय उडायचं नाही. त्यानंतर किती दिवस थांबायचं ते सर्जन सांगतील, बरेच जण काही आठवडे म्हणतात. मुंबईहून परत यायला कोकणकन्या बरी, खालचा बर्थ मागा.

१८. बाबा भजनी मंडळात आहेत. आवाज बसलाय. परत गाता येईल का?

घशातल्या नळीमुळे बसलेला आवाज काही दिवसांत सुटतो. डाव्या बाजूला आवाजाची नस महाधमनीखालून वळते, त्या बाजूच्या ऑपरेशनात ती दुखावली तर आवाज फुसका होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. ठसका लागत असेल तर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर इलाज आहे.

आवाज ठीक असेल तर गाण्यासारखा व्यायाम नाही. सुरुवातीला टाळ घेऊन मागे बसा आणि ध्रुवपदाला साथ द्या. लांब तान घ्यायला दोन-तीन महिने.

१९. अख्खं फुफ्फुस काढलंय. कुशीवर वळल्यावर छातीत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो!

येतो. रिकाम्या जागेत हळूहळू पाणी भरतं आणि पुढे घट्ट होतं. ही शरीराचीच व्यवस्था आहे, ते काढत नाहीत. आवाज काही आठवड्यांत जातो. कोणत्या कुशीवर झोपायचं ते मात्र सर्जनना विचारून ठरवा.

आता अपवाद. अचानक खूप पातळ, पाण्यासारखा, किंचित लालसर कफ यायला लागला, विशेषतः आडवं होताच, तर श्वासनळीचं शिवलेलं तोंड सुटलेलं असू शकतं. रुग्णाला ऑपरेशनची बाजू खाली करून वळवा, म्हणजे पाणी चांगल्या फुफ्फुसात जाणार नाही. मग १०८. ही एकच गोष्ट पाठ करून ठेवा.

२०. गाठ पूर्ण निघाली म्हणाले, मग परत केमो कशाला?

डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणारे कण रक्तात असू शकतात. लिम्फच्या गाठीत रोग सापडला किंवा गाठ मोठी होती, तर जखम भरल्यावर, साधारण चार ते आठ आठवड्यांनी, केमोच्या चार फेऱ्या देतात. तुकड्याची जनुकीय तपासणी मागा. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला (आपल्याकडे सिगरेट-बिडी न ओढणाऱ्यांत बराच सापडतो) तर ओसिमर्टिनिबची गोळी तीन वर्षं देतात. महाग आहे, मदतीच्या योजनांची चौकशी आधीच करा. काहींना केमो-इम्युनोथेरपी ऑपरेशनआधीच देतात. नंतर पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, मग वर्षाला एकदा. सगळं ठीक वाटतंय म्हणून ही फेरी चुकवू नका.

२१. गोव्यात करावं की मुंबईला जावं? खर्चाचं काय?

पहिली फेरी बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). कागद एकत्र होतात आणि पुढे पाठवायचं असेल तर तिथूनच चिठ्ठी मिळते. कुठेही करा, एक प्रश्न विचारा: इथे फुफ्फुसाची अशी ऑपरेशनं नियमित होतात का, आणि नंतर फिजिओ कोण बघणार?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाची मुदत आजच बघा. ऑपरेशन ठरल्यावर नूतनीकरणासाठी धावणारी माणसं मी दर महिन्याला पाहते.

परळच्या टाटाला जाणार असाल तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, जागा मिळेलच असं नाही, आधी विचारून जा. आणि परतताना ऑपरेशनचा तपशील, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि सीडी हातात असल्याशिवाय गाडीत बसू नका. रात्री ताप आला तर बांबोळीचा डॉक्टर तेच मागणार आहे.

२२. लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी?

अचानक दम किंवा छातीत कळ. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. थुंकीत ताजं लाल रक्त (पहिल्या दिवसांत तपकिरी रेघा चालतात). १०१ च्या वर ताप. जखमेतून पू. गळ्या-छातीच्या कातडीखाली कुरमुऱ्यासारखं चुरचुरणं, तिथे हवा शिरलेली असते. मला मेसेज करून उत्तराची वाट बघत बसू नका. माझा फोन रात्री बंद असतो, १०८ चालू असतो.

२३. आमचं झालं. तो तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर वाडीतल्या दुसऱ्या रुग्णाला देऊ का?

नका देऊ. नळीत ओल राहते आणि तुमचे जंतू त्यांच्या उघड्या जखमेच्या छातीत जातील. काही शे रुपयांत नवा मिळतो. तुमचा आणखी तीन महिने खिडकीत ठेवा, सर्दी झाली की लागेल. वाडीतल्या माणसाला द्यायचंच असेल तर एक संध्याकाळ त्याच्याकडे जा आणि गोळी फुंकायची नसते, ओढायची असते, एवढं शिकवून या.